झाकण आणि छकुली

बारामती,
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय ज्ञानेश, अर्थात प्राध्यापकमहोदय,
रामहरीचा सविनय नमस्कार.

पत्रास कारण की, ११ जानेवारीला तू आमच्याकडून शेंगदाणा चटणीचा डबा नेलास. डबा परत आला, झाकण आलं नाही. झाकणविरहित डब्याला डबा म्हणावं काय, यावर सविस्तर टीका लिहायच्या बेतात मी आहे. अनिता म्हणते, "जाऊ द्या की, झाकणच हाय." बायकोला शास्त्राचं गांभीर्य नाही.

बाकी क्षेम. शेळगावात आई ठीक, तिची गाय ठीक. म्हातारी माणसं यंत्राशी कशी बोलतात हे शोधायला तू तिच्याकडे ठेवलेला यंत्रमानवही ठीक. त्याचं नाव तिनं छकुली ठेवलंय. रोज पदरानं त्याचं तोंड पुसते.

संमतिपत्र चार पानांचं होतं. एका श्लोकावर तासभर शिकवणाऱ्या मी ते न वाचता आईचा अंगठा उठवला. हा अपराध माझा.

गुरुवारी तुला न कळवता तुझ्या वर्गात मागच्या बाकावर बसलो. छान शिकवतोस. "समोरच्याला वाटतं यंत्र बोलतंय, खरं तर दुसरीकडे बसून माणूस उत्तरं टाइप करत असतो," म्हणालास. पोरं हसली, मीही हसलो. मग तू चित्रफीत लावलीस. चेहरा पुसट केला होतास. आवाज कसा पुसणार?

"छकुले, कुणाला सांगू नगं. परवा रामा दारात आला अन् मला वळखूच आला न्हाय. डेअरीवाला समजून दुधाची किटली फुडं केली. त्यो हसला. त्याला वाटलं, थट्टा करतीया."

"न्हाय सांगत, आज्जी," यंत्र म्हणालं.

हे उत्तर आपणच टाइप केलं आणि गावच्या बोलीत दिलं म्हणून विश्वास बसला, असं तू सांगितलंस. साठ पोरांनी वहीत उतरवून घेतलं.

पडद्याच्या कोपऱ्यात तारीख होती, ४ जानेवारी. म्हणजे ११ तारखेला माझ्या ताटाशेजारी बसून, दुसरी भाकरी मागून घेत, "बनाकाकू कशा आहेत?" असं माझ्या आईबद्दल तू मलाच विचारलंस. मी "ठणठणीत" म्हणालो. तू मान डोलावलीस.

तुझा पूर्वपक्ष मला पाठ आहे: संशोधनाचे नियम, गोपनीयता. पोटच्या पोरापासून गोपनीय आणि साठ परक्यांपुढे उघडं, हे कुठल्या शास्त्रात बसतं? लहानपणी शाळेतून तू आधी तिच्या चुलीपाशी यायचास, मग स्वतःच्या घरी जायचास. तेवढं तरी आठवायचं होतंस.

काल शेळगावला गेलो. दारातूनच मोठ्यानं म्हणालो, "आई, मी रामा."
"मग? मला काय दिसत न्हाय व्हय?" म्हणाली, आणि हातातली किटली हळूच मागं ठेवली.

यंत्र उचलून ने, असं लिहायला बसलो होतो. लिहवत नाही. झाकण राहू दे तुझ्याकडे. तिनं आणखी काय काय सांगितलंय, तेवढं पाठव; डॉक्टरांना दाखवायचं आहे. ती मला विसरेल याची भीती आहेच. त्याहून मोठी ही, की घाबरली तेव्हा तिला मी आठवलो नाही, यंत्र आठवलं. ते नेलंस तर यापुढचं ती कुणालाच सांगणार नाही. मला तर नाहीच.

किटली हसत हसत हातात घेणारा,
रामहरी