सात कांड्या

८ जानेवारी २००८, मंगळवार

कॅन्सर आहे. लिहून टाकलं. पुढे.

मानेतली गाठ तीन महिने 'थंडीची' होती — आईच्या मते. आज तिला नाव मिळालं. लिम्फोमा. डॉक्टर म्हणाले बरा होतो, वय पंचवीस आहे ही चांगली गोष्ट. सहा महिने केमो, डोस मोठा, चोवीस तारखेपासून सुरू. केस जातील, तोंड येईल, उलट्या होतील. आई रडत होती. मी वहीत नोट्स घेत होते, ऑफिसातल्या मीटिंगमध्ये घेते तशा. आणि मध्येच अण्णा म्हणाले, "साहेब, येवढ्या कडक औषधानं पोरीचं बीज जळंल का राहील?"

आईने पदर तोंडाला लावला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "बहुतेक राहणार नाही. हे मीच आधी सांगायला हवं होतं. बीज काढून गोठवता येतं, पण नवीन पद्धत आहे, खात्री देता येत नाही. आणि दिवस फक्त पंधरा आहेत."

माझे वडील पस्तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात होते. गावोगाव गाई भरवत, म्हणजे कृत्रिम रेतन करत फिरले. स्कूटरला मागे नत्राचा, म्हणजे द्रव नायट्रोजनचा कॅन बांधलेला, त्यात जातिवंत वळूंच्या बीजाच्या गोठवलेल्या कांड्या, काडीएवढ्या बारीक नळ्या. आमच्या मांजरी गावातल्या निम्म्या गोठ्यांतली वासरं त्यांच्या हातची. रिटायर झाले तरी लोक अजून बोलावतात. शाळेत मला या धंद्याची इतकी लाज वाटायची की मी 'वडील डॉक्टर आहेत' एवढंच सांगायचे. आज अख्ख्या दवाखान्यात कामाचा प्रश्न त्यांनी एकट्यांनी विचारला.

ठरलं. मी गोठवणार. मूल हवं की नको ते मी ठरवीन, औषधाने ठरवायचं नाही.

१० जानेवारी

कोथरूडचं सेंटर. भिंतीवर गुबगुबीत बाळांचे फोटो, खाली सगळ्या जोडप्याने बसलेल्या. मी आई-वडिलांना घेऊन. बघत होत्या बायका!

फॉर्म. रकाना तिसरा — पतीचे नाव. मी रेघ मारली. काउंटरवरची म्हणाली, "मॅडम, कॉम्प्युटर रिकामं घेत नाही." मी म्हटलं लग्न झालेलं नाही. "मग होणाऱ्या मिस्टरांचं टाका ना." होणारे मिस्टर आहेत — इंद्रजीत, हिंजवडीत असतो, साखरपुडा दिवाळीत झाला, लग्न मेमध्ये. पण बीज माझं, गाठ माझी, सुया मला. त्याचं नाव कशाला?

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर तपासते. असले रकाने मोडणं हेच माझं काम. म्हटलं, टाका — शेफाली. पतीचे नाव शेफाली. कॉम्प्युटरने निमूटपणे घेतलं! माझं माझ्याशीच लग्न लागलं, आणि आहेराची भानगड नाही.

सेंटरच्या मुख्य डॉक्टर, मोठ्या मॅडम, हसल्या. त्यांनी स्वतः फॉर्मवर सही केली.

११ जानेवारी

आजपासून रोज संध्याकाळी सातला इंजेक्शन, दहा दिवस. मॅडम म्हणाल्या रोज या, नर्स देईल. मांजरीहून कोथरूड, दोन बस! अण्णा म्हणाले, "मी देतो की. हजारांनी दिल्यात."

दिलं. दंडात. त्याआधी दंडावर दोन थापट्या मारल्या आणि तोंडाने "च्च च्च, बस बस बस" केलं.

"अण्णा, मी गाय नाही!"

"हात गेला सवयीनं," म्हणाले. पण दुखलं मात्र अजिबात नाही.

१३ जानेवारी, रविवार

राग इतका आलाय की अक्षर नीट येत नाही.

हिंदुराव आले होते — इंद्रजीतचे वडील. आजाराचं त्यांना कळवलंच होतं, ते लपत नाही. बीजाचं मात्र बोलायचं नाही, असं आईने अण्णांना सकाळपासून दहा वेळा बजावलं. हिंदुराव चहा पीत बराच वेळ उसाच्या तोडणीवर बोलले. मग कप ठेवून म्हणाले, "पाव्हणं, पुढं पोराबाळांचं कसं, एवढंच आमच्या घरातनं विचारत्यात."

आणि अण्णा! गोठ्यात गाईच्या मालकाशी बोलतात तसे, अगदी भरवशाने — "त्याची काय काळजी करू नका. बीज आधीच काढून ठेवतोय. नंतर गाभण राहायला काय अडचण न्हाई, मी ग्यारंटी देतो!"

गाभण. मी. सोप्यात. सगळ्यांसमोर.

हिंदुराव उठलेच. "आमच्याकडनं आता पुढं काय जमायचं न्हाई," एवढं बोलले. तेही गेलं चुलीत — पण अण्णा त्यांच्या मागे गेटपर्यंत गेले, हात जोडून! "चुकलं असंल तर माफी करा, पोरगी लाखाची हाय." कशाची माफी? आजारी पडल्याची? मी खिडकीतून पाहिलं. ते जोडलेले हात माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

शब्दाचं एक वेळ सोडून देईन. हातांचं नाही.

सातला इंजेक्शन घेऊन आले. मी बाही वर केली, तोंड भिंतीकडे. आज थापट्या मारल्या नाहीत. दुखलं.

१५ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ अण्णांच्या हातावर ठेवला आणि एक अक्षर न बोलता आत आले. आजच्या दिवशी! आई म्हणाली, "लई ताठा हाय तुला." आहे. सध्या माझ्याकडे तेवढंच शाबूत आहे.

अण्णा म्हणून हाक मारायची नाही, ठरवलंय. काम असलं तर 'ऐका'.

१७ जानेवारी

इंद्रजीतचा फोन. "तू मला न विचारता हे सुरू केलंस. निदान डिस्कस करायचं होतं. आता घरच्यांना मी काय तोंड देऊ?"

म्हटलं, तुझं आहे तेच तोंड दे, त्याला काही झालेलं नाही.

मग म्हणाला, ट्रीटमेंट होऊ दे, रिपोर्ट बघू, मग ठरवू. म्हणजे मी परीक्षा देणार आणि हा निकाल बघणार! अंगठी कुरियरने पाठवली. त्यांच्याकडून आलेली साडी ठेवून घेतली, रंग छान आहे.

रडले. अर्धा तास. रडले नाही असं इथे लिहून कुणाला फसवू?

२२ जानेवारी

झालं! भूल देऊन काढलं. नऊ निघाली, सात चांगली. सात बीजं, सात कांड्या, उणे एकशे शहाण्णव अंशांवर. मॅडम म्हणाल्या, यातून मूल होईलच असं मी म्हणणार नाही. मी म्हटलं, होणारच नाही असं तरी आता कुणी म्हणू शकत नाही ना? बास.

शुद्धीवर येत होते तेव्हा बाहेर वडिलांचा आवाज. लॅबमधल्या राकेशला विचारत होते — "नत्राची पातळी कोण बघतं? रोज का आठवड्याला? पट्टी कुठाय तुमची?" कॅनमध्ये लाकडी पट्टी बुडवतात, तिच्यावर जिथपर्यंत बर्फ धरतो तिथपर्यंत नत्र. हे मला सहाव्या वर्षापासून माहीत आहे. राकेश म्हणाला, "काका, इथे सगळं ऑटोमॅटिक आहे, टेन्शन नका घेऊ." गाईच्या डॉक्टरने माणसांच्या लॅबला शिकवायचं! मी डोळे मिटून घेतले.

२४ जानेवारी

केमो एक. लाल औषध. ये म्हणावं.

१९ फेब्रुवारी

केस उशीवर येण्याआधी स्वतःच न्हाव्याकडे गेले. गावातल्या, बापयांच्या. बाकावरचे सगळे पेपरामागे लपले. "झिरो मारा," म्हटलं. घरी आई किंचाळली. संध्याकाळी त्यांची मफलर माझ्या खुर्चीवर होती. घातली नाही. थंडी वाजली तरी.

२६ मार्च

तोंडात फोड. पाणीसुद्धा मिरचीसारखं लागतं. आज काही लिहिण्यासारखं धैर्य वगैरे नाही.

९ मे

या तारखेला लग्न होतं. आज केमो आठ. टक्कल, मेच्या मुहूर्तासाठी घेतलेली हिरवी साडी आणि बूट घालून गेले. नर्स म्हणाली, "काय विशेष?" म्हटलं, माझं लग्न आहे. फॉर्म बघा.

६ जून

पाळी थांबली. तिसरा महिना. डॉक्टर म्हणतात, परत येईल असं वाटत नाही.

मोकळेपणाने लिहिते — घाबरले. आतापर्यंत त्या सात कांड्या म्हणजे माझा हट्ट होता. आज कळलं की त्यांच्याशिवाय काहीच नाही.

११ जुलै

शेवटचा केमो. बारा. मोजून घेतलं मी त्याला, त्याने मला नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

स्कॅन स्वच्छ! आई देवापुढून उठेना. ते घरी नव्हते. दर सोमवारी सकाळी जातात, दुपार उलटल्यावर येतात. आई म्हणते जुन्या ऑफिसातली मंडळी जमतात. मुलीचा स्कॅन आणि यांच्या गप्पा! आल्यावर आईने सांगितलं. खांद्यावरचा पंचा डोळ्यांना लावून तसेच उभे राहिले. मला काहीतरी बोलायचं होतं. पण पुन्हा ते जोडलेले हात आठवले.

२७ ऑक्टोबर, सोमवार

ऐन दिवाळीत यांचा पत्ता नाही! सकाळी गेले ते रात्री नऊला. आई दिवसभर करवादली. दुपारी कुणाच्या तरी टेम्पोतून घरातले दोन्ही जुने कॅन नेले म्हणे. सणासुदीला कुणाची गाय अडली होती देव जाणे. उजव्या हाताची दोन बोटं पांढरी पडून फुगली आहेत. नत्राने भाजलंय, मी ओळखते. हळद लावू का, एवढं विचारलं. "नको, तू फराळ कर," म्हणाले.

३१ ऑक्टोबर

मोठ्या मॅडमचा फोन. आवाज बसलेला. म्हणाल्या, "तुमच्या वडिलांचे आभार मानायचे आहेत, आणि तुमची माफी मागायची आहे."

सोमवारी सेंटर सुट्टीचं बंद. फक्त राकेश होता. त्यांना आत घेतलं, कारण ते जानेवारीपासून दर सोमवारी येतात, स्वतःची पट्टी घेऊन. आधी हाकलायचे त्यांना, मग चहा द्यायला लागले. या सोमवारी कॅनला बाहेरून दव धरलं होतं. राकेशला वाटलं एसीमुळे. ते म्हणाले, "याच्या दोन भिंतींतली पोकळी फुटलीय. उद्यापर्यंत नत्र उडून जाईल." मशीनचा दिवा हिरवाच होता! नत्र पुरवणारा दिवाळीचा गावी. मग यांनी आपल्या जुन्या दवाखान्यातल्या तिघांना घराबाहेर काढलं, नत्र मिळवलं, मांजरीहून कॅन आणले. सगळ्या कांड्या हलवल्या. माझ्या सात. आणि आणखी एकोणीस जणींच्या.

"राकेश त्यांना म्हणाला, आधी तुमच्या मुलीच्या घ्या," मॅडम म्हणाल्या. "तर हात जोडून म्हणाले, सगळ्याच लेकी हायत, ओळीनं घेऊ. तुम्हाला माहीत नव्हतं?"

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी ते चपला घालत होते. मी दारातून हाक मारली — "अण्णा, थांबा. मी येते. पट्टी मी बुडवणार."

त्यांनी मान वर केली नाही. बराच वेळ त्या एकाच चपलेशी झटत राहिले. मग म्हणाले, "हातमोजे घे."