वायरीखालचा रंग

संयोगिता,

खंडेनवमीच्या पूजेला आपली जुनी स्पोर्ट्स गाडी झळकावी म्हणून बॉनेटखाली रंग मारला तो मीच, अन् बॅटरीची अर्थिंगची वायर आवळली ती त्या रंगावरच. तवापासनं सेल्फ नुसता टकटक करायचा. फौजेत बावीस वर्सं गाड्या दुरुस्त केलेल्या माणसानं दोन बॅटऱ्या बदलल्या. तू म्हणालीस, "आबा, वायरीखालचा रंग खरवडा." मी म्हणालो, "तू भाकरी बघ."

आज पॉलिश पेपरनं खरवडला, वायर उघड्या पत्र्याला टेकवली. पहिल्या सेल्फला गाडी सुरू झाली.

फॉल्ट माझ्या लेकीनं काढला, हे बॅटऱ्या घेतल्या त्या कोरेगावच्या गॅरेजात सगळ्यांना सांगायला यष्टीनं चाललोय. गाडी तुला ठेवलीय. भाकरी मीच थापल्यात, लय वाकड्या झाल्यात. दुरडीत बघ, वरच चावी हाय.

आबा