मी न दिलेले होकार

३ जून
नवी नोकरी! पंधरा वर्षं कोर्टात घसा कोरडा केला, आता देशाच्या सुरक्षेची वकील. सायबर हल्ल्याचा संशय आला की कुणाचा फोन, कुणाचा कॉम्प्युटर उघडायचा, कुणाला ताब्यात घ्यायचं हे वरचे ठरवतात. ते कायद्यात बसतं का, हे मी सांगायचं. माझ्या सहीशिवाय पान हलत नाही. खोली चौथ्या मजल्यावर. खिडकी उघडत नाही, पण खुर्ची झकास. साहेब म्हणाले, आधीचे वकील एकाएकी सोडून गेले, तुम्ही तरी टिका. घरी नवऱ्याने चिडवलं, आता आपल्या भांडणांचीही फाइल होणार. लेक खो खो हसली.

९ जून
वीजकेंद्रातल्या एका इंजिनियरची फाइल आली. पुरावा काय, तर एक निनावी मेल. मी स्वच्छ नकार लिहिला. साहेबांनी नाक मुरडलं.

११ जून
इंजिनियरला काल घरून उचललं. फाइल उघडली तर माझा होकार. डिजिटल सही माझी, भाषा माझी, ‘सबब’नंतर स्वल्पविराम द्यायची खोडसुद्धा माझीच. वेळ काल दुपारी सव्वातीनची. तेव्हा मी दातांच्या डॉक्टरकडे आ वासून बसले होते, सहीचं कार्ड माझ्या पर्समध्ये.

१२ जून
तांत्रिक विभागातल्या बाईंनी नोंदी तपासल्या. घुसखोरी नाही म्हणाल्या, सही तुमच्याच कार्डाने झालीय. मग दार लोटून हळूच म्हणाल्या, आधीचे वकीलही हेच विचारत होते.

१४ जून
लेखी तक्रार घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. तक्रार मी सकाळीच मागे घेतली होती. कागद अजून माझ्या हातातच होता.

१५ जून
कार्ड कात्रीने कापलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आणखी तीन होकार.

१६ जून
इंजिनियरच्या बायकोचा फोन. माझे आभार मानत होती. काल मी म्हणे फोनवर तासभर तिला धीर दिला. घरी कोण कोण असतं, मुलं कधी येतात, सगळं विचारलं — मी तिला ओळखतही नाही.

१७ जून, दुपार
आईला तिच्या घरच्या लँडलाइनवर फोन लावला. आवाज ऐकून ती ओरडली — माझ्या लेकीची नक्कल करतेस? माझी लेक मोबाइलवर आहे, आत्ता —
तिने फोन आपटला.
नवऱ्याचा मेसेज. लेकीला शाळेतून घेतलं, तू सांगितलंस तिकडे निघालोय.
कुठे? मी कुठे सांगितलं?
त्याला फोन लावलाय. उचलला जातोय. पलीकडून मीच बोलतेय —