जुन्या अंकातले हे

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

अंक बंद! म्हणजे बंद नाही — कागदावरचा बंद. पल्लवी डॉक्टरीण आल्या आल्या म्हणाली, "शेवंतीमावशी, पुढचा अंक फक्त कंप्युटरवर. पाकिटं नकोत, तिकिटं नकोत."

"आणि मी? मला पण कंप्युटरवर चढवणार?"

हसली. पण डोळे चुकवले.

पंधरा वर्षं डिचोलीच्या ह्या खोलीत बसून मी डॉक्टर लोकांचं मासिक पाकिटात भरते. नारायण डॉक्टरांनी काढलं तेव्हा सोळा पानं, तीनशे प्रती, स्टेपल मी मारायची. आपल्या भागात कोणाला काय झालं, कशानं बरं झालं — गावोगावच्या डॉक्टरांनी लिहायचं, बाकीच्यांनी वाचायचं. सगळं इंग्लिश. मला काय कळतंय! पण उंदरांच्या तापावर छापून आलं आणि लाटंबार्से गावात भातलावणीआधी गोळ्या वाटायला लागले, एवढं कळलं. आता आसामातून पण लेख येतात.

जुने अंक मशीनवर फोटो काढून रद्दीत जाणार.

त्यात हे आहेत.

५ ऑगस्ट

नारायण डॉक्टर वारायच्या आधी बोलले होते, "शेवंती, तुझा घोव आमच्या अंकात आहे हं. छातीचा एक्सरे-फोटो." ह्यांनी वीस वर्षं खाणीचा ट्रक हाकला, धूळ खाल्ली, २०१० साली गेले. कुठल्या अंकात, ते मी विचारलं नाही. धीर नव्हता.

आता बघायचंच. घरात ह्यांचा एकच फोटो, तो पण लग्नातला. मुंडावळ्यांनी अर्धं तोंड झाकलेलं!

६ ऑगस्ट

पल्लवीला म्हटलं, हुडकून दे.

"नावानं हुडकता येत नाही मावशी. पेशंटांच्या फाइली अंकाच्या नंबरावर लावल्यात. आणि अंकात पेशंटचं नाव छापत नाहीत, नियम आहे."

"आमचा पण तोच नियम गे! घोवाचं नाव घ्यायचं नाही."

"आजच्या काळात?"

"तू घे तुझ्या निलेशचं. दिवसातून शंभर वेळा घेतेस, तरी तो फोन उचलत नाही!"

लाल झाली. मी जिंकले. आणि रिकाम्या हातानं घरी आले.

नाव घेतलं की घोवाचं आयुष्य कमी होतं, सासूबाई सांगायच्या. आता कसलं कमी व्हायचंय? तरी जीभ वळत नाही. लिहू म्हटलं तर पेन थांबतं. हे बघ, थांबलं.

८ ऑगस्ट

सगळे अंक जमिनीवर पसरले. छात्याच छात्या! चौदा निघाल्या. पुरुषांच्या इतक्या उघड्या छात्या जन्मात बघितल्या नव्हत्या — देवा, माफ कर.

ह्यांची खूण मला ठाऊक. माझ्या माहेरी हळर्णला काजूवर चढले, पडले, डाव्या खांद्याकडचं गळ्याखालचं हाड मोडलं. वाकडंच जुळलं. त्या हाडावर डोकं ठेवून सव्वीस वर्षं झोपले मी. टोचायचं मेलं. आता काहीच टोचत नाही.

चौदाही छात्यांची डावी बाजू सरळ!

रडले. पल्लवीला म्हटलं, डोळ्यात धूळ गेली.

११ ऑगस्ट

रद्दीवाला उद्या येणार. मी परत तेच घेऊन बसले. पल्लवी शेजारी कदेल ओढून बसली.

"मावशी, डावीकडे काय बघता? एक्सरेत माणूस आपल्याकडे तोंड करून असतो. त्याचा डावा खांदा तुमच्या उजवीकडे."

पुन्हा पहिल्यापासून. पाचवी छाती काढली आणि — ते हाड!

माझ्याकडे तोंड करून उभे होते हे. आणि मी भलत्याच खांद्याकडे बघत होते.

अंक कुठला? माझ्या नोकरीचा पहिलाच! म्हणजे ह्यांना मी तीनशे वेळा पाकिटात घातलं, तिकिटं चाटून चिकटवली आणि पोस्टात टाकून आले. एकदा पण उघडून बघितलं नाही.

अंक पिशवीत टाकला. पल्लवी जनेलातून बाहेर बघत राहिली. शहाणी पोर.

१२ ऑगस्ट

नंबरावरून पल्लवीनं फाइल काढली. ह्यांचा कागद — माझा फोटो छापायला हरकत नाही, असा. खाली सही. सहीच्या खाली ह्यांचं ते चाकासारखं गोल गोल अक्षर:

"डॉक्टर, जमलं तर नाव पण छापा. आमची बायको कधी घेत नाही. निदान छापलेलं बघील."

"नियमात बसलं नसेल हो," पल्लवी हळूच म्हणाली.

मी कागद परत पहिल्यापासून वाचला.

१३ ऑगस्ट

गोकुळदास.