वऱ्हाडाची होडी कोणाची

१ जून २०२५, रविवार
मोबाईलवर नवा हिंदी सिनेमा पाहिला. माझाच! बारा वर्षांपूर्वी मराठीत आला होता, पटकथा: दिनानाथ, म्हणजे मी. वऱ्हाडाची होडी ओहोटीत गाळात रुतते आणि भांडलेले व्याही दिवसभर एकाच टोपातला भात खातात. यांनी होडीची बस केली, गाळाची वाळू केली. रीमेकवर लेखक म्हणून तिसऱ्याच कोणाचं नाव. संताप आवरला. प्रोड्युसरला फक्त नऊ मेसेज पाठवले.

४ जून
अलिबाग. वकील प्रणाली मॅडम म्हणाल्या, कॉपीराइटचं बघू, पण सिनेमाच्या आधीचा लेखी पुरावा आणा. हसलो. १९८८ची वही माळ्यावर आहे. गावच्या पूजेला झालेलं नाटक, अक्षर न् अक्षर माझं.
सांगत भागोजीकाका होते, हे खरं. त्यांना लिहिता येत नाही. ते तालमीत संवाद बोलायचे, मी आठवीतला, उतरवून घ्यायचो. पण बोलणं हवेत जातं. कायद्याला कागद लागतो.

५ जून
वही सापडली. पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात 'रचणारे: भागोजीकाका'. पानाला कसर लागली होती. म्हणजे कडेला. पानच काढून टाकलं.
बायको, कोकिळा, बघत होती. तिला कॉपीराइटमधलं काय कळतंय.

१२ जून
मॅडम वहीवर खूश. आता प्रतिज्ञापत्राला गावातला जुना साक्षीदार हवा. रघू त्या नाटकात नवरदेव होता. त्याला विचारलं, गोष्ट माझीच ना? म्हणाला, भागोजीची. तेव्हा नाटक पाहिलेली नीराबाईही तेच म्हणाली. लोकांची स्मरणशक्ती फार खालावली आहे.

१५ जून
शेवटी भागोजीकाकांकडेच गेलो. वय पंच्याऐंशी. दोन दिवस भाषण तयार करत होतो: कथा वेगळी, पटकथा वेगळी, वगैरे. त्यांनी पहिल्या वाक्यालाच थांबवलं.
"तुजी म्हनून सांगाचं ना? सांगतो की. पडद्यावर तुजं नाव आलं तवा पयली टाळी मीच वाजवली व्हती."
काम झालं. जेवण गेलं नाही. पित्त असावं.

२० जून, संध्याकाळ
काकांना घेऊन अलिबागला, नोटरीकडे. मी वाचून दाखवलं: वहीतलं नाटक दिनानाथने रचलं, हे मी स्वतः पाहिलं आहे. काका मान डोलवत होते. नोटरीने धंदा विचारला. काका चटकन म्हणाले, "नाटकं बसवायचो." मग माझ्याकडे बघितलं.
"न्हाय. शेती लिवा. नुस्ती शेती."
प्रतिज्ञापत्रातली धंद्याची रिकामी जागा मलाच भरायची होती. वाटलं, कागद आत्ता फाडावा. इतकी लाज वाटली की मान वर करवेना.
'शेती' लिहिलं. मग काकांचा अंगठा मीच धरून शाईला लावला.