गेमचा डबा मी उघडला

४ ऑक्टोबर, शनिवार

बंद पडला! अकराला लावला, पाच मिनिटांत टूंक टूंक असा आवाज आणि टीव्ही काळा. पुन्हा लावला, पुन्हा तेच. डबा हात लावू देईना इतका तापलेला.

यांना म्हटलं, "चिवडा खाता ना समोर बसून? गेले दाणे आत!" काही बोलले नाहीत. बोलतील कसे? एकतीस वर्षं डेअरीचा टँकर चालवला, केबिनमध्ये कधी शेंगेचं टरफल पडू दिलं नाही, आणि इथे टीव्हीसमोर सगळी शिस्त संपली.

हा डबा ऋषीचा. लग्नानंतर खराडीला राहायला गेला तो इथेच टाकून गेला. दोन वर्षं मी नुसती त्यावरची धूळ पुसत आले आणि बडबडत आले. मग फेब्रुवारीत यांना झटका आला, उजवा हात गेला. रबराचा चेंडू दाबा म्हटलं की भिंतीकडे तोंड फिरवायचे. तेव्हा व्यायाम घ्यायला येणारी संस्कृती म्हणाली, काका ड्रायव्हर ना, मग गाडीचा गेम खेळू दे त्यांना. रिमोटचं उजवीकडचं मागचं बटण उजव्या बोटाने दाबलं की गाडी पळते, तोच व्यायाम.

आणि पळाली की! मार्चपासून रोज अकरा ते बारा. मी ओट्यापाशी असते, तिथून फक्त टीव्ही दिसतो. गाडी पळाली म्हणजे बोट हललं. घास अजून डाव्याच हाताने घेतात. पण बोट आलं की मूठ येईल, मूठ आली की घास येईल. एवढं सगळं नीट चाललेलं असताना या डब्याला आत्ताच मरायचं होतं!

५ ऑक्टोबर, रविवार

ऋषीला फोन. "आई, अगं दहा वर्षं जुना आहे तो. दिवाळीत नवीन घेऊ. तोवर राहू दे ना."

राहू दे! म्हणजे बोटाला सांगू का, बाबा रे, दिवाळीपर्यंत थांब? संस्कृतीच म्हणाली होती, खंड पडला की बोटं पुन्हा आखडतात.

"आणि तू उघडू नकोस हां, प्लीज." म्हणजे उघडता येतो तर!

७ ऑक्टोबर, मंगळवार

डबा पिशवीत घालून, पिशवी मांडीवर घेऊन रिक्षाने दुरुस्ती केंद्रात गेले. पाऊण तास बसवलं. मग काउंटरवरच्या बाईने पिशवीत नुसतं डोकावून बघितलं. "मॅम, हे मॉडेल आम्ही घेत नाही."

"उघडून तर बघा."

"उघडायची पॉलिसी नाही."

दुरुस्तीचं दुकान, आणि उघडायची पॉलिसी नाही! मग पाटी कशाला लावलीय एवढी मोठी? वर विचारते, "कोण खेळतं, नातू का?" म्हटलं, "नवरा. त्रेसष्ट वर्षांचा." हसली. मोठ्याने नाही, पण हसली. माझं डोकंच फिरलं. पिशवी उचलली आणि आले निघून.

मिक्सरच्या मोटरचे कार्बन ब्रश या घरात मी बदलते. शिलाई मशीन मी खोलते. हा काय आकाशातून पडलाय?

८ ऑक्टोबर, बुधवार

तपकीर गल्लीत गेले, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत. चांदणीच्या आकाराच्या स्क्रूचा स्क्रूड्रायव्हर हवा होता. दुकानदार म्हणतो, "मिस्टरांना पाठवा, त्यांना कळेल कुठला ते." म्हटलं, "मिस्टरांना टँकर कळतो. हे मला कळतं. काढा." काढला!

आतल्या चिपवर लावायची पेस्टही घेतली. डबा कसा उघडायचा त्या मोबाइलवरच्या व्हिडिओत दाखवली होती. "पातळ लावायची हां, जमेल ना?" अहो, गल्लीतल्या निम्म्या नवऱ्यांच्या नावांची अक्षरं मी मेंदीच्या कोनाने नवऱ्यामुलींच्या हातावर लपवली आहेत. मला विचारतोय जमेल का!

१० ऑक्टोबर, शुक्रवार

शेवटचा स्क्रू स्टिकरखाली सापडला. लपवून ठेवतात! चोर कुठले.

११ ऑक्टोबर, शनिवार

उघडला. लिहायची लाज वाटते, पण लिहिते. इथे नाही तर कुठे लिहिणार?

आत चिवडा नाही. एक दाणाही नाही. जुनी धूळ आहे, आणि तिच्यावर हळद. आणि कुंकू! पंख्याच्या पात्यापात्याला बसलेलं, मागच्या जाळीत लिंपल्यासारखं. दोन अक्षता अडकलेल्या, त्याही शाबूत.

मीच. खंडेनवमीला मीच. एकतीस वर्षं दर खंडेनवमीला यांच्या टँकरची पूजा केली. झेंडूचा हार, नारळ, बॉनेटवर स्वस्तिक. यंदा टँकर नाही. मग म्हटलं, आता यांची गाडी हीच. डब्याला पाटावर बसवला, चांगली चिमूट चिमूट हळदकुंकू वाहिलं, आणि पूजा झाल्या झाल्या तसाच सुरू करून दिला. पंख्याने सगळं आत ओढून घेतलं. हे कुठल्या शहाण्या बाईला सुचतं? मला सुचलं! आणि आठवडाभर ओरडत कोणावर होते, तर या मुक्या माणसावर.

संध्याकाळी पोहे देता देता सांगितलं. चिवड्याबद्दल चुकले, असंही म्हटलं. नीट नाही म्हटलं, पण म्हटलं.

हे म्हणाले, "असू दे की गं. माझ्या गाडीला हळदकुंकू तर लागलं."

मला रडू आलं आणि रागही आला. आधी भांडायचं तरी ना माझ्याशी!

१२ ऑक्टोबर, रविवार

दिवसभर रंगाचा ब्रश, कापूस आणि स्पिरिट. कापूस पिवळा व्हायचा थांबेना. जुनी पेस्ट खरवडली, नवीन लावली. डबा बंद केल्यावर एक स्क्रू उरला. पुन्हा सगळं उघडलं. कंबर मोडली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

चालू झाला! तासभर नुसता चालू ठेवला. आवाज नाही, तापला नाही. कुठे आहे ती पॉलिसीवाली?

हे दुपारचे झोपले होते. म्हटलं, आधी आपण बघावं, मग उद्या अकराला यांच्या हातात द्यावा. जन्मात पहिल्यांदा रिमोट धरला. उजवीकडचं मागचं बटण दाबलं. गाडी ढिम्म! नख पांढरं होईपर्यंत दाबलं. बाकीच्या गाड्या भर्रकन निघून गेल्या, आपली तिथेच.

एवढं करून शेवटी मोडलाच का मी? रिमोटही उघडला. स्प्रिंग जागेवर, बटण जागेवर, सगळं कोरं करकरीत. ऋषीला फोन करून नाही नाही ते बोलले. तुझी कंपनी, तुझा डबा, तुझं ते "राहू दे"! त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, उद्या ऑफिसच्या आधी येतो. तोवर बाबांना काही विचारू नकोस."

१५ ऑक्टोबर, बुधवार

काहीही मोडलेलं नाही. यांच्या सांगण्यावरून ऋषीने मार्चमध्येच गाडी पळवायचं बटण सेटिंगमध्ये डावीकडे करून दिलं होतं. गाडी सगळी डाव्या हाताने चालते. उजवं बोट एकदाही हललेलं नाही. संस्कृतीला माहीत होतं, रुपालीला, माझ्या सुनेलाही माहीत होतं, मी सोडून सगळ्या जगाला माहीत होतं! ऋषी म्हणाला, "आई, पहिल्या दिवशी गाडी पळाली तेव्हा तू ओट्यापाशी टाळ्या वाजवल्यास. बाबा म्हणाले, आता तिला सांगू नको."

अकरा वाजता यांच्या मांडीवर रिमोट ठेवला. म्हटलं, "बोट सुधारलंय हो तुमचं." आणि ओट्यापाशी गेले.