‘मोहिनीराज’ कोण?

३ जून
सरांचा पुन्हा फोन. चावट पुस्तकांवरच्या माझ्या प्रबंधात ‘मोहिनीराज’ या टोपणनावामागच्या लेखकाचं खरं नाव नसेल तर प्रकरण परत. पीएच.डी. माझी, घाई त्यांची. ही पुस्तकं निम्म्या बेळगावनं उशीखाली ठेवून वाचलीत. विचारलं की सगळे साळसूद.

७ जून
निपाणी. बंद पडलेल्या छापखान्याचे म्हातारे कंपोझिटर, आप्पा. तासभर नुसता चहा. “बाईमाणसानं असलं इच्यारू न्हाय.” डोकं फिरलं. निघाले तेव्हा दारात म्हणतात, “येळ्ळूरच्या गुरुजींचं अक्षर हुतं. मोत्यावानी.” हे आधी सांगायला काय झालं होतं!

१० जून
येळ्ळूर. गुरुजी निवृत्त, ऐंशीच्या पुढचे. साफ नाकबूल. मग मी पुस्तक काढून पान ४६ वाचून दाखवलं, तंबाखूच्या वखारीतलं. माझं अख्खं प्रकरण त्यावर उभं आहे. गुरुजी लालबुंद. आतून त्यांच्या पत्नी, आक्का, हात पुसत आल्या.
“हे पान माझं न्हवं. असलं भिकार मी लिवत न्हाय.”
गोष्टी आक्कांच्या! गुरुजी फक्त सुवाच्य उतरवून द्यायचे. आणि मी दोन वर्षं पुरुष शोधतेय.

१२ जून
आप्पांना फोन. पान ४६ कुणाचं? खो खो हसले. “सोळा पानांचा एक फारम, तीन फारम म्हंजे अठ्ठेचाळीस पानं. गोष्ट त्रेचाळीसला सपली की फुडची कोरी सोडायची व्हय? खिळं जुळवत आम्हीच भरायचो.”
म्हणजे ज्या शैलीवर मी पानंच्या पानं लिहिली ती आप्पांची. रागानं रडू आलं.

१५ जून
पुन्हा येळ्ळूर. आक्का : “माझं नाव घाल गं. पुरं. लई वर्सं गप बसले.”
गुरुजी बसस्टॉपपर्यंत सोडायला आले. नातीचं लग्न ठरतंय. हात जोडून म्हणाले, “हिचं नाव ही गेल्यावर घाला, बाई.” संताप आला. बस सुटेपर्यंत त्यांनी जोडलेले हात सोडले नाहीत, मग धड रागावताही येईना.

१८ जून
सर : “नाव मिळालं?” मिळालं म्हटलं. “मग पाठवा की!”
आक्कांचं नाव टाइप केलं. खोडलं. परत केलं.
संध्याकाळी आक्कांचाच फोन. “घातलंस न्हवं? वाचाय म्हणून नवा चष्मा करून घेतलाय.”
बघते, म्हणाले. फाइल उघडीच आहे.